‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ क्रीम खरंच जास्त सुरक्षित असतं का?

पावसाळ्यात गोव्यातल्या घरात काय काय बुरसतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कपाटातल्या चपला, चामड्याचा पट्टा, लाकडी पाट, देव्हाऱ्याखालच्या पोथ्या. मिठाला पाणी सुटतं, पापड नरम पडतात. याच दिवसांत न्हाणीघरातल्या फळीवर क्रीमची एक डबी असते. तिच्यात बहुतेक वेळा अर्ध्याहून जास्त पाणी असतं, जोडीला तेल, ग्लिसरीन, कधी कोरफडीचा अर्क. म्हणजे जिवाणूंना आणि बुरशीला जे जे लागतं ते सगळं. दिवसातून दोनदा कुणीतरी ओलं बोट त्यात बुडवतं. तरी गणपतीची चवथ येते, जाते, आणि डबी होती तशीच राहते. हे होतं ते तिच्यात घातलेल्या टक्काभराहूनही कमी रसायनामुळे. त्याला प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात, आणि सध्या सगळ्यात जास्त भीती त्याचीच घातली जाते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे नातेवाईक, शेजारणी, विद्यार्थिनींच्या आया डबीचा फोटो पाठवून विचारतात, “मॅडम, यात पॅराबेन नाही ना?” पॅराबेन हा प्रिझर्व्हेटिव्हचाच एक गट. या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणं सोपं आहे, पण त्यातून विचारणारीला फारसं काही मिळत नाही. रसायन कुठलं, किती टक्के, लावून ठेवायचं की धुऊन टाकायचं, मोठ्या माणसाच्या हाताला की तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या जागी, यावर सगळं अवलंबून असतं. माझं मत मी आधीच सांगते. आपल्या दमट हवेत पाणी असलेलं पण प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं क्रीम हे नियमात बसणाऱ्या पॅराबेनच्या क्रीमपेक्षा जास्त धोक्याचं आहे. असं का म्हणते, ते पुढे सांगते.

आधी बघायचं ते पाणी

जिवाणूला वाढायला पाणी लागतं. पाणीच नसेल तर तो मरेल किंवा निपचित पडून राहील, पण वाढणार नाही. आपल्याकडे टाचांच्या भेगांना भिरंडेल लावायची जुनी पद्धत आहे. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल गोळे करून ठेवलं तर पुढच्या हंगामापर्यंत टिकतं, आणि त्यात कुणी काही मिसळत नाही. घाण्यावरचं खोबरेल, साबणाची वडी, लिप बाम, टाल्कम पावडर, दिवाळीचं कोरडं उटणं, या सगळ्यांचं तेच. ही उत्पादनं ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं सांगत असतील तर ते खरं आहे आणि त्यात काही विशेषही नाही. तेल जुनं झाल्यावर खवट होतं, पण ती हवेतल्या ऑक्सिजनची करणी आहे, जंतूंची नव्हे.

पाणी आलं की गणित बदलतं. क्रीम, लोशन, जेल, टोनर, शाम्पू, फेसवॉश, ओले वाइप्स आणि बरेच मस्कारे यांत पाणी असतं. उटणंसुद्धा दुधात कालवून उरलेलं उद्यासाठी ठेवलं, तर ते याच यादीत येतं.

अशा ओल्या उत्पादनांत वाढणारे जंतू काही दुर्मीळ नसतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा त्यातला मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारा. नळाच्या तोंडाशी, बादलीत, ओल्या स्पंजात तो सहज असतो. धडधाकट माणसाच्या अखंड त्वचेला तो सहसा काही करत नाही. पण भाजलेल्या जागी, एक्झिमा फुटलेल्या त्वचेवर किंवा डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा असेल तिथे पोचला तर फार नुकसान करतो. १९७७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा बायकांची नोंद केली होती, ज्यांना दूषित मस्काऱ्यामुळे बुबुळावर व्रण झाले. मस्कारा लावताना कांडी डोळ्यात लागली आणि कांडीवरचा स्यूडोमोनास आत गेला. त्वचेवर फोड आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कॅन्डिडा नावाची यीस्ट आणि काळी बुरशी हीदेखील याच टोळीतली.

आणि हे डोळ्यांना दिसेलच असं नाही. बुरशीचे ठिपके दिसतात, पण जिवाणू ग्रॅममागे लाखांच्या घरात गेले तरी क्रीमचा रंग, वास, स्पर्श अगदी नेहमीसारखा असू शकतो. “खराब झालं तर कळेलच की” हा भरवसा दुधाच्या बाबतीत ठीक आहे, क्रीमच्या बाबतीत नाही.

कोरफडीच्या जेलची बाटली

आमच्याकडे प्रात्यक्षिकासाठी मुली घरून वेगवेगळी प्रसाधनं आणतात. एका पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीनं तिची आई ज्या बचत गटात काम करते, तिथलं कोरफडीचं जेल आणलं. सुंदर काम होतं. ताज्या पानांचा गर, गुलाबपाणी, ई व्हिटॅमिनच्या गोळ्या फोडून घातलेल्या. लेबलावर हातानं लिहिलं होतं, ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल नाही’. बाटली उघडली की गुलाबाचा मंद वास.

एक ग्रॅम जेल निर्जंतुक द्रवात विरघळवून त्याचे थेंब मुलींनी पोषक अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर पसरले आणि बशी उबवणपेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायला सुई घेऊन बसलेल्या मुलींना मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळी बशी एकसलग साय धरल्यासारखी झाकली होती. वहीत ‘मोजता येण्यापलीकडे’ असं लिहावं लागलं. दुसरी बशी सेट्रिमाइड अगरची होती. सेट्रिमाइडमुळे बहुतेक जंतू मरतात, स्यूडोमोनास तग धरतो. त्या बशीत हिरवट निळा रंग उतरला होता आणि झाकण किंचित उचललं की पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येत होता. हा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही, स्यूडोमोनासची ती खूणच आहे. बाटलीला मात्र अजून गुलाबाचाच वास होता.

मुलीच्या आईला फोन केला तेव्हा त्या काकुळतीनं म्हणाल्या, “पण मॅडम, आम्ही स्वच्छ हातांनीच करतो हो. आणि ई व्हिटॅमिन घातलं होतं ना टिकायला.” त्यांचे हात स्वच्छ होते यात मला शंका नाही. पण कोरफडीचं पान अंगणातून येतं, त्याला माती असते, आणि गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. ई व्हिटॅमिन तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना ते काहीच करत नाही. हा गैरसमज मला इतक्या ठिकाणी दिसला आहे की घरगुती प्रसाधनं शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी तो दूर करायला हवा. त्या गटानं नंतर जेल बंद केलं आणि भिरंडेल, खोबरेल आणि मेण यांचा बाम करायला घेतला. त्यात पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे काही घालायची गरजही नाही.

किती घातलं तर चालतं, हे कोण ठरवतं

प्रिझर्व्हेटिव्हचं काम जिवंत पेशी मारायचं आहे. म्हणून ते आपल्या पेशींना अगदीच निरुपद्रवी असेल अशी अपेक्षा करता येत नाही. जंतू मरतील आणि माणसाला त्रास होणार नाही, अशी मधली पट्टी शोधावी लागते.

ती शोधायची रीत अशी. एखादं रसायन प्राण्यांना रोज देऊन जास्तीत जास्त कुठल्या मात्रेपर्यंत काहीच अपाय दिसत नाही, ते आधी पाहतात. माणसाला रोज मिळणारी मात्रा त्याच्या निदान शंभरपट खाली असली पाहिजे, असा दंडक आहे. दहापट सूट प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, आणि आणखी दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी. हिशोब करताना माणूस एकच क्रीम वापरतो असं धरत नाहीत. युरोपची वैज्ञानिक समिती साबण, शाम्पू, लोशन, लिपस्टिक, टूथपेस्ट असं सगळं मिळून दिवसाला १७.४ ग्रॅम प्रसाधन अंगावर येतं असं धरते, आणि त्या प्रत्येकात तेच प्रिझर्व्हेटिव्ह कमाल मर्यादेइतकं आहे असं मानून चालते. प्रत्यक्षात असं सहसा कुणाचंच होत नाही.

आता घरचा आकडा घ्या. चेहऱ्याला दिवसभरात साधारण दीड ग्रॅम क्रीम लागतं. त्यात ०.२ टक्के मिथाइलपॅराबेन असेल तर ते झालं ३ मिलिग्रॅम. त्यातलं थोडंसंच त्वचेतून आत जातं. जे जातं त्याचे त्वचेतली आणि यकृतातली विकरं तुकडे करतात, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात.

आपल्याकडे प्रसाधनं ‘औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०’ आणि ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ यांखाली येतात. कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह किती टक्क्यांपर्यंत चालेल याच्या याद्या भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ या मानकात आहेत.

पॅराबेनला वाळीत टाकलं कसं

पॅराबेन हे एक रसायन नसून एक कुटुंब आहे. मिथाइल, इथाइल, प्रोपाइल, ब्युटाइल अशी त्यातली मुख्य नावं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ती औषधांत, खाण्यात आणि प्रसाधनांत वापरात आहेत.

२००४ साली इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. प्रमाण ग्रॅममागे सरासरी २० नॅनोग्रॅमच्या आसपास होतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. बातमी जगभर गेली ती ‘डिओडरंटमुळे कर्करोग’ अशी. अभ्यासात तसं म्हटलेलं नव्हतं. शेजारच्या निरोगी उतींमध्ये पॅराबेन आहे का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. ज्यांत उती नव्हतीच अशा कोऱ्या नमुन्यांतही थोडं पॅराबेन निघालं होतं. पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा दावा आम्ही केलेला नाही, असं डार्ब्रे यांनीही नंतर लिहिलं. पण तोवर बाण सुटला होता.

भीतीत तथ्याचा कण नव्हता असंही नाही. पॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं थोडंफार वागतात, आणि रेणूची साखळी जितकी लांब तितकं जास्त. प्रयोगशाळेत त्यांतल्या जोरकस पॅराबेनचा हा गुण शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या हजारो पटींनी दुबळा दिसतो. तरी लांब साखळीच्या पॅराबेनबाबत सावध राहणं योग्यच आहे, आणि युरोपनं तसं केलंही. मिथाइल आणि इथाइलची मर्यादा ०.४ टक्के ठेवली. प्रोपाइल आणि ब्युटाइलची मिळून २०१४ मध्ये ०.१४ टक्क्यांवर आणली, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममधून ती दोन्ही काढायला लावली. तिथली त्वचा ओली, घासलेली, झाकलेली असते आणि तिच्यातून जास्त आत जातं, हे त्यामागचं कारण. आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल अशा पाच पॅराबेनवर सरळ बंदी घातली, कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उत्पादकांनी पुढे ठेवली नाही. नियमन असं बारकाईनं करायचं असतं. ‘पॅराबेन’ हा सरसकट शिक्का मारून काही साधत नाही.

बाजारानं मात्र शिक्काच मारला. ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलं की माल खपतो, हे कळल्यावर कंपन्यांनी दुसरं काहीतरी शोधायला सुरुवात केली. मेथिलआयसोथायझोलिनोन हे त्यांना सापडलेलं एक उत्तर. त्याला सगळे एमआय म्हणतात. त्याआधी ते दुसऱ्या एका भावंडाबरोबर अगदी थोड्या प्रमाणात मिसळून वापरलं जाई. २००५ पासून युरोपनं ते एकटं, दहा लाखांत शंभर भागांपर्यंत वापरू दिलं. जंतूंना ते उत्तम मारतं. पण त्वचेची प्रतिकारशक्ती त्याला फार पटकन शत्रू मानते. काही वर्षांत युरोपभरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहऱ्यावर, पापण्यांवर, हातांवर लाल पुरळ घेऊन माणसं येऊ लागली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सहा मुलांची नोंद केली. त्यांचं महिनोन्महिने न हटणारं पुरळ ओल्या वाइप्समधल्या एमआयमुळे होतं, आणि वाइप्स थांबवल्यावर ते गेलं. त्याआधीच, २०१३ मध्ये, अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं एमआयला त्या वर्षाचं मुख्य ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केलं होतं. शेवटी २०१७ मध्ये युरोपनं लावून ठेवायच्या प्रसाधनांतून ते बंद केलं, आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत मर्यादा शंभरावरून पंधरा भागांवर आणली.

एमआयला ॲलर्जीकारक ठरवणाऱ्या त्याच अमेरिकन सोसायटीनं २०१९ मध्ये पॅराबेनना ‘ॲलर्जी न करणारे’ म्हणून त्या वर्षाचा मान दिला, कारण इतकी वर्षं इतक्या लोकांनी वापरूनही त्यांची ॲलर्जी फार थोड्यांना होते. कागदावरच्या एका धोक्याला घाबरून आपण ज्याच्याकडे धावलो, त्यानं माणसांच्या अंगावर खरंखुरं पुरळ उठवलं. प्रिझर्व्हेटिव्हच्या सगळ्या चर्चेत मला हाच प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि ‘फ्री’च्या जाहिराती करणारे नेमका तोच सांगत नाहीत.

फॉर्मल्डिहाइड: डबीतलं आणि पार्लरमधलं

काही प्रिझर्व्हेटिव्ह स्वतः जंतू न मारता हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडत राहतात, आणि ते जंतू मारतं. डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडॅझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५ ही त्यांची लेबलावरची नावं. फॉर्मल्डिहाइड श्वासावाटे वर्षानुवर्षं आत गेलं तर माणसाला कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये ठरवलं. शाम्पूतून सुटणारं प्रमाण त्या मानानं फारच थोडं असतं, आणि थोडं फॉर्मल्डिहाइड आपल्या शरीरातही सतत तयार होत असतं. शाम्पूच्या बाबतीत खरा प्रश्न ॲलर्जीचा आहे. ज्याला ती एकदा झाली त्याला पुढे अगदी थोडंही सोसत नाही. म्हणून युरोपनं २०२२ मध्ये नियम कडक केला. दहा लाखांत दहा भागांहून जास्त फॉर्मल्डिहाइड सुटत असेल तर तसं वेष्टनावर लिहावं लागतं. आधी ही सीमा पाचशे भागांची होती.

पण श्वासावाटे जाणारं फॉर्मल्डिहाइड ज्यांना खरोखर मिळतं त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लग्नसराईत पार्लरमध्ये केस सरळ करायची जी ट्रीटमेंट करतात, तिच्यातल्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारे पदार्थ असतात. इथे ते टिकवण्यासाठी नसतं, केसांची रचना बदलायला असतं, आणि म्हणून प्रमाणही खूप जास्त. त्यावर सुमारे २०० अंशांची इस्त्री फिरते आणि धूर निघतो. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लेबल असलेल्या द्रावणातही ते सापडल्यानं अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं २०११ मध्ये इशारा दिला होता. एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या छोट्या खोलीत दिवसभर हे काम करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी येतं, घसा धरतो. नवरीचा त्रास एका दिवसाचा, पण ती मुलगी तो रोज ओढते. पार्लर चालवणाऱ्या ताईंना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे काम करताना खिडकी उघडी ठेवा आणि धूर बाहेर फेकणारा पंखा लावा.

बाकीचे, आणि ‘नैसर्गिक’ म्हणवणारे

आजकाल सगळ्यात जास्त दिसतं ते फिनॉक्सिइथेनॉल. एक टक्क्यापर्यंत ते सुरक्षित असल्याचं युरोपच्या समितीनं २०१६ मध्ये पुन्हा तपासून सांगितलं. लहान बाळाच्या पोटात जाईल अशा ठिकाणी मात्र ते नको. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीच्या एका क्रीमबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००८ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट लोणची-सरबतांतून आपल्या ओळखीचे आहेत. ते चांगले आहेत, पण आंबट माध्यमातच काम करतात. पीएच साडेपाचच्या वर गेला की ते जवळजवळ निकामी. साबणाच्या द्रावणात सोडियम बेंझोएट घालून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क हा ‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून विकला जातो. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले असे सहा अर्क तपासले. त्यातले पाच जंतू मारत होते, आणि त्या पाचही अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कारखान्यात बनलेलं जंतुनाशक सापडलं. सहाव्यात कुठलंच प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं, आणि त्यानं जंतूही मारले नाहीत. लव्हेंडर, टी ट्री यांसारखी सुगंधी तेलं जंतूंना थोडीफार आवरतात. पण क्रीम टिकेल इतकी घातली तर त्वचा चुरचुरते, आणि हवा लागून जुनी झालेली सुगंधी तेलं ॲलर्जीची नेहमीची कारणं आहेत. काही उत्पादक कॅप्रिलिल ग्लायकॉल किंवा इथाइलहेक्सिलग्लिसरीन वापरतात. ती जंतूंना आवरतात, पण कायद्याच्या प्रिझर्व्हेटिव्हच्या यादीत नसल्यानं डबीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ लिहायची सोय होते. युरोपियन आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शक कागदात तर ‘पॅराबेन-फ्री’ हा दावाच करू नये असं सुचवलं आहे, कारण कायद्यानं मान्य असलेल्या पदार्थाची त्यानं विनाकारण बदनामी होते.

कमी घातलं म्हणजे जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. चेपणीच्या तोरांना, म्हणजे मिठात मुरवायच्या कैऱ्यांना, मीठ घालताना हात आखडला की पावसात बरणीवर पांढरी साय धरते आणि सगळे तोर फेकावे लागतात. क्रीमचं नेमकं तसंच होतं. म्हणून जबाबदार उत्पादक बाजारात आणण्याआधी एक कसोटी घेतात. क्रीममध्ये मुद्दाम पाच प्रकारचे जंतू सोडतात आणि २८ दिवस ठरावीक अंतरानं मोजत राहतात. आकडा नेमून दिल्याप्रमाणे घसरला तरच प्रिझर्व्हेटिव्ह पुरेसं ठरतं. घरगुती प्रसाधनं विकणाऱ्या कुणालाही विचारायचा माझा पहिला प्रश्न हाच असतो, की ही चाचणी केली आहे का.

घरात काय करायचं

बाटलीत तळाशी उरलेल्या शाम्पूत किंवा हँडवॉशमध्ये पाणी घालून ढवळायची सवय आपल्या घराघरांत आहे. त्याच दिवशी संपवणार असाल तर हरकत नाही. पण अर्धी बाटली पाणी घालून आठवडाभर चालवलं, तर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह निम्म्यावर येतं आणि नळाच्या पाण्यातले जंतू आयतेच आत जातात. मग आपण ज्यानं हात धुतो त्यातच स्यूडोमोनास वाढत असतो. दवाखान्यांत आणि हॉटेलांत पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या साबणाच्या बाटल्यांत हे अनेकदा आढळलं आहे. बाटली संपली की धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा.

डबीपेक्षा पंप किंवा ट्यूब बरी, कारण आत बोट जात नाही. डबीच असेल तर कोरड्या बोटानं घ्या, आणि पावसाळ्यात ती न्हाणीघराबाहेर ठेवा. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत बदला, वाळला म्हणून त्यात पाणी किंवा थुंकी घालू नका, आणि मैत्रिणीचा वापरू नका. उघड्या डबीच्या चित्रावर ‘१२एम’ असं काही असेल तर उघडल्यापासून बारा महिने.

लेबल वाचताना लक्षात ठेवा, की आपल्या नियमांप्रमाणे घटक जास्तीपासून कमीकडे लिहितात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमानं येतात. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह यादीच्या शेपटाशी सापडतं. ‘ॲक्वा’ पहिलं आहे आणि शेपटाशी टिकवणारं काहीच दिसत नाही, असं असेल तर मी ते विकत घेणार नाही. आणि ज्या डबीवर घटकांची यादी, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक यांतलं काहीच नाही, अशी गोरं करणारी क्रीम तर घरात आणूच नका. त्यांत पारा असू शकतो. २०२० च्या नियमांत पारा फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांत, तोही टिकवण्यासाठी, दहा लाखांत ७० भागांपर्यंत चालेल असं ठरवलं होतं. बाकीच्यांत नकळत आलेला एक भागच माफ होता. केरळमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अलीकडे गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आहे. त्या डबीसमोर पॅराबेनची काळजी करत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. खाज, लाली आली तर थांबा. तरीही पुरळ वरचेवर येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. शंका असलेले पदार्थ पट्ट्यांवर लावून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नसते, घामही नको, म्हणून मे महिना टाळून थंडीत केलेली बरी. डॉक्टरांकडे जाताना वापरातल्या सगळ्या डब्या आणि त्यांचे खोके घेऊन जा. लहान डबीवर बरेचदा यादी नसते, ती खोक्यावरच छापलेली असते. आणि एखाद्या उत्पादनाबद्दल तक्रार करायची असेल तर गोव्यात ती बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात करता येते. त्यांनाही बॅच क्रमांक लागतोच.